तारकर्लीला लग्न: दीडशे पाहुण्यांचा प्रवास कसा जमवायचा?

तुम्ही लिहिलंय त्यावरून मला समजलं ते असं. फेब्रुवारीत तारकर्लीला लग्न. शनिवारी हळद, संध्याकाळी सीमांतपूजन, रविवारी दुपारी मुहूर्त. माणसं दीडशेच्या आसपास: निम्मी पुण्याची, बरीचशी मुंबई-ठाण्याची, नवरदेवाकडचं वऱ्हाड नागपूरचं, मित्रमंडळी बंगळूरची आणि चार घरं अमेरिकेतून येणारी. रोज कुणीतरी फोन करून ‘यायचं कसं?’ विचारतं. आईबाबा म्हणतात, सगळ्यांची तिकिटं आपणच काढू. तुम्हाला वाटतं, हॉटेलचं नाव आणि नकाशा ग्रुपवर टाकला की काम झालं. आणि ब्याऐंशी वर्षांच्या आजीला कसं न्यायचं, ही काळजी वेगळीच.

मी कुडाळात राहते. सिंधुदुर्गात बाहेरून येऊन होणाऱ्या लग्नांच्या पाहुण्यांची ने-आण बघणं हाच माझा व्यवसाय, म्हणून जरा विस्तारानं लिहिते.

फोन येतात ते माहिती कमी आहे म्हणून येत नाहीत. गाड्यांची वेळापत्रकं सगळ्यांच्या मोबाइलवर आहेत. पाहुण्याला खरं न कळलेलं असतं ते हे, की आपण स्वतः कुठपर्यंत पोचायचं आणि कुठून पुढे लग्नघरचे लोक नेणार. मावशीला कुडाळ स्टेशनवर उतरायची भीती नसते. उतरल्यावर पुढे काय, याची धास्ती असते. इथे ओला-उबर नाही. मालवणची एसटी आहे, पण बॅगा, पैठणीचा बॉक्स आणि दोन नातवंडं घेऊन ती पकडायची कुणाची तयारी नसते. कुडाळ ते तारकर्ली हे जे पस्तीसेक किलोमीटर आहेत, तिथे माणूस अडतो.

म्हणून माझं सरळ मत: शेवटचा टप्पा पूर्णपणे तुमचा, त्याच्या अलीकडचा प्रवास पाहुण्यांचा. उतरायच्या दोन-तीन जागा आणि तुमच्या गाड्या सुटायच्या ठरावीक वेळा जाहीर करा. तिथपर्यंत यायचं कसं, हे ज्याचं तो ठरवेल. असं केलं की आईबाबांच्या डोक्यावरचा तिकिटांचा भार उतरतो आणि ‘नुसता नकाशा टाकून मोकळे झाले’ असं कुणी म्हणतही नाही.

सगळ्यांची तिकिटं तुम्ही काढू नका असं मी का म्हणते, तेही सांगते. आयआरसीटीसीच्या एका खात्यावरून आधार जोडलेलं असेल तर महिन्याला २४ तिकिटं निघतात, नसेल तर १२, आणि एका तिकिटावर जास्तीत जास्त सहा माणसं. कागदावर हिशेब बसतो. प्रत्यक्षात काका म्हणतात गुरुवारी निघतो, आत्या म्हणते माझी परीक्षा ड्यूटी लागली, आणि रद्द केलेल्या प्रत्येक तिकिटाचा परतावा तुमच्या खात्यावर येऊन ‘कुणाचे किती’ हे लग्नाच्या आठवड्यात बसून लिहावं लागतं. तिकीट दुसऱ्याच्या नावावर करायची सोय आहे, पण ती गाडी सुटायच्या २४ तास आधी, आरक्षण खिडकीवर जाऊन, आणि फक्त आई-वडील, भाऊ-बहीण, मुलगा-मुलगी, नवरा-बायको एवढ्यांपुरती. काका-मामा त्यात बसत नाहीत. ज्यांना ऑनलाइन जमत नाही अशी पाच-सहा वयस्कर माणसं प्रत्येक घरात असतात, तेवढ्यांची काढा. बाकीच्यांना योग्य दिवशी आठवण करा, ते पुरतं.

हा योग्य दिवस फार महत्त्वाचा आहे. १ नोव्हेंबर २०२४ पासून रेल्वेचं आगाऊ आरक्षण १२० ऐवजी ६० दिवस आधी उघडतं. अजूनही अनेकांच्या डोक्यात चार महिने आहेत. २० फेब्रुवारीला निघायचं असेल तर आरक्षण २२ डिसेंबरला सकाळी आठला उघडतं. कोकण रेल्वेच्या चांगल्या गाड्यांची शनिवार-रविवारची तिकिटं भराभर संपतात. तत्काळवर विसंबू नका. जुलै २०२५ पासून ऑनलाइन तत्काळ आधार जोडलेल्या खात्यावरूनच निघतं, आणि शेवटपर्यंत वेटिंगवर राहिलेलं ई-तिकीट आपोआप रद्द होतं. ते हातात घेऊन डब्यात चढता येत नाही. तेव्हा पत्रिका छापण्याआधीच पाहुण्यांना तारीख कळवा, आणि २१ डिसेंबरच्या रात्री (एक दिवस आधी निघणाऱ्यांना २० डिसेंबरच्या रात्री) ग्रुपवर एकच संदेश टाका: ‘उद्या सकाळी आठला आरक्षण उघडतंय.’ लांबलचक माहितीपत्रकापेक्षा हा एका ओळीचा संदेश जास्त काम करतो.

मुंबईकरांसाठी गाड्या पुष्कळ आहेत, पण लग्नाच्या दृष्टीनं दोन अडचणी हमखास येतात. पहिली वंदे भारतची. जून २०२३ पासून सीएसएमटी–मडगाव वंदे भारत चालते, नव्या पिढीला तीच हवी असते. पण ती शुक्रवारी धावत नाही, आणि तुमच्या पाहुण्यांना शुक्रवारीच निघायचं आहे. शिवाय ती कुडाळला थांबत नाही, कणकवलीला थांबते. म्हणून एखादं घर गुरुवारी किंवा शनिवारी तिनं येणार असेल तर त्यांना आणायला कणकवलीला वेगळी गाडी लागेल. जनशताब्दी, तेजस, मांडवी, कोकणकन्या या कुडाळला थांबतात. माझ्या पाहुण्यांना मी शक्यतो गुरुवार रात्रीची कोकणकन्या सांगते. रात्री अकराच्या सुमारास सीएसएमटी सोडते, सकाळी कुडाळ. माणूस झोपून येतो आणि शुक्रवारचा अख्खा दिवस हाताशी असतो. वेळा आणि वार अधूनमधून बदलतात, पावसाळ्यात तर वेळापत्रकच वेगळं असतं, तेव्हा तिकीट काढताना पुन्हा एकदा पाहायला सांगा.

दुसरी अडचण तुतारी एक्स्प्रेसची. ही दादरहून रात्री १२ वाजून ५ मिनिटांनी सुटते. शुक्रवारी रात्री जेवून निघणाऱ्या माणसाला शनिवारच्या तारखेचं तिकीट काढावं लागतं. शुक्रवारच्या तारखेचं काढलं तर ती गाडी गुरुवारी मध्यरात्रीच गेलेली असते. ही चूक सुशिक्षित, सतत प्रवास करणाऱ्या माणसांकडूनही होते, आणि कळते ती प्लॅटफॉर्मवर. तुमच्या संदेशात तुतारीचं नाव घेणार असाल तर तारीख वारासकट, ठळक लिहा.

परतीचं तिकीट जाण्याच्या तिकिटाइतकंच निकडीचं असतं आणि नेमकं तेच राहून जातं. रविवारी रात्री कोकणातून मुंबईला परतणाऱ्यांची गर्दी नेहमीचीच, त्यात मधल्या स्टेशनांना कोटा कमी. इथे एक युक्ती आहे, आणि ती पूर्ण नियमात बसणारी आहे. तुतारी सावंतवाडीहूनच सुटते. कुडाळ–दादर वेटिंग दाखवत असेल तर सावंतवाडी रोड–दादर पाहा, बऱ्याचदा जागा असते. तिकीट काढतानाच चढण्याचं स्टेशन कुडाळ निवडा. भाड्यात फरक किरकोळ पडतो. आणि ज्यांना जमेल त्यांना सोमवारी परतायला सुचवा. त्या एका रात्रीची खोली तुम्ही दिलीत तर रविवारची पंगत घाईघाईनं उठत नाही.

मुहूर्ताबद्दल एक सांगते. गुरुजींनी दोन मुहूर्त दिले असतील तर आधीचा घ्या. रविवारी मुंबईकडे जाणाऱ्या दुपारच्या गाड्या कुडाळ-कणकवलीहून साधारण चारच्या पुढे-मागे असतात. तारकर्लीहून कुडाळला लग्नाच्या गडबडीत सव्वा तास धरावा लागतो. पावणेएकचा मुहूर्त असेल तर माणसं अक्षता टाकून उपाशी पळतात. साडेअकराचा असेल तर जेवून, नवरा-नवरीला भेटून निघतात.

आता पुणे. तुमची निम्मी माणसं इथली, म्हणून खरा निर्णय इथेच घ्यायचा आहे. पुण्याहून कुडाळला सोयीची रोजची रेल्वे नाही. लोक कोल्हापूरमार्गे घाट उतरून येतात, आणि कोल्हापूर–वैभववाडी रेल्वे अजून झालेली नाही. माझा सल्ला: शुक्रवारी सकाळी पुण्याहून बस करा, आणि ती सगळ्यांसाठी विनामूल्य ठेवा. कारण पैशाचं आहे, आणि ते कुणी बोलून दाखवत नाही. दूरच्या ठिकाणचं लग्न म्हणजे चार माणसांच्या घराला जाण्यायेण्याचे आठ-दहा हजार सहज लागतात. तुमच्या घरी वर्षानुवर्षं स्वयंपाकाला येणाऱ्या काकू, निवृत्त झालेले शाळेतले सर, गावाकडची चुलत आत्या, यांना यायचं असतं, पण ते ‘तब्येत बरी नाही’ म्हणतात. त्यांना बाजूला घेऊन तिकिटाचे पैसे देऊ केलेत तर ते आणखी अवघडतात. बस सगळ्यांसाठीच असली की कुणाचा हिशेब उघडा पडत नाही. डॉक्टर काकाही त्याच बसमधून येतात आणि काकूही. सजावटीवर चार फुलं कमी झाली तर चालेल, पण ही बस असू द्या, असं मी प्रत्येक यजमानाला सांगते.

बस खासगी ट्रॅव्हल्सची घ्या किंवा एसटीची. एसटी महामंडळ लग्नासाठी प्रासंगिक करारावर बस देतं. आगारात अर्ज करायचा, अनामत भरायची, पुढे किलोमीटरच्या हिशेबानं बिल होतं. एसटीच्या चालकांना घाटाची सवय असते, हा त्यातला मोठा फायदा. खासगी बसमध्ये सीट मऊ असतात, पण चालक या घाटात आधी उतरलाय का, हे बुकिंगच्या वेळीच विचारा. आणि ज्याला बसच्या वेळा जमत नाहीत त्याला नेहमीची एसटी आहेच: महिलांना अर्ध तिकीट, ६५ ते ७५ वयाच्या ज्येष्ठांना अर्ध, ७५ च्या पुढे मोफत. ओळखपत्र मात्र जवळ हवं.

स्वतःची मोटार घेऊन येणाऱ्यांना नकाशाच्या दुव्याबरोबर घाटाचं नावही लिहून द्या. फोंडा, करूळ, भुईबावडा, आंबोली, सगळे कोल्हापूरच्या बाजूनं खाली उतरतात आणि नकाशा दोन मिनिटं वाचवायला कुठल्याही घाटात घालतो. तारकर्लीसाठी मी राधानगरी–दाजीपूर–फोंडा–कणकवली असा रस्ता सांगते. आंबोली सावंतवाडीला उतरतो, तुमच्यासाठी वळसा पडेल. पण घाटांत कामं निघतात. करूळ घाट २०२४ मध्ये रस्त्याच्या कामासाठी कितीतरी महिने बंद होता. म्हणून लग्नाच्या आठवड्यात स्थानिक माणसाला विचारूनच रस्ता पक्का करा. आणि अंधार पडायच्या आत घाट उतरायला सांगा. पुण्याहून सकाळी सहाला निघालेला माणूस कोल्हापुरात जेवून आरामात चार-पाचला पोचतो. ऑफिस करून निघालेला माणूस थकलेल्या डोळ्यांनी रात्री घाटात असतो, आणि फोनला रेंज नसते. हे मी काळजीनं सांगते.

नागपूरकरांना थेट कोकणात आणायचा अट्टहास करू नका. नागपूर–पुणे गाड्या भरपूर आहेत. ऑगस्ट २०२५ पासून अजनी–पुणे वंदे भारतही आहे, पण ती पुण्यात रात्री उशिरा पोचते. गुरुवारी त्यांना पुण्यात उतरवा, रात्रीच्या मुक्कामाची सोय तुमच्याकडे, शुक्रवारी सकाळी त्याच बसमध्ये. वराकडची मंडळी आहेत, मानापानाचा प्रश्न येईल असं तुम्हाला वाटत असेल. माझा अनुभव असा की दोन्हीकडची माणसं एका बसमधून दिवसभर आली की सीमांतपूजनाच्या आधीच ओळखी होऊन जातात. तरी विहीणबाई आणि व्याही यांच्यासाठी एक वेगळी मोटार हाताशी ठेवा, आणि तुमच्या वडिलांनी स्वतः फोन करून विचारावं. हा फोन दुसऱ्या कुणी करू नये.

विमानानं येणाऱ्यांची गोष्ट वेगळी. ‘गोवा’ असं लिहिलेले विमानतळ आता दोन आहेत. दक्षिणेकडचा जुना दाबोळी, आणि जानेवारी २०२३ पासून सुरू झालेला पेडण्यातला मोपा. तारकर्लीसाठी मोपाच हवा. दाबोळीला उतरलात तर बराच जादा प्रवास. तिकिटावर मोपाचा संकेत ‘जीओएक्स’ आणि दाबोळीचा ‘जीओआय’ असतो, तो संदेशात लिहाच, कारण स्वस्त दिसलं म्हणून बंगळूरची मुलं बेधडक दाबोळीचं काढतात. सगळ्यात जवळचा चिपी, मालवणपासून अगदी हाकेवर. ऑक्टोबर २०२१ मध्ये सुरू झाला, पण तिथली उड्डाणं मोजकी आणि वेळापत्रक बदलतं. चिपीचं तिकीट मिळालं तर उत्तम, पण त्याच्या भरवशावर कुणाचाही कार्यक्रम बांधू नका.

मोपाहून आणायला गोवा पासिंगची टॅक्सी घ्या. बाहेरच्या गाड्यांनी तिथून प्रवासी उचलण्याला स्थानिक टॅक्सीवाल्यांचा विरोध असतो, आणि पाहुण्यांसमोर वाद नको. आणखी एक गोष्ट स्पष्ट शब्दांत सांगून ठेवा: येताना गोव्याहून दारूच्या बाटल्या आणायच्या नाहीत. गोव्यातली दारू परवान्याशिवाय महाराष्ट्रात आणणं गुन्हा आहे, बांदा-इन्सुलीला तपासणी होते, आणि बाटली पाहुण्याची असली तरी गाडी चालकाची अडकते. त्या माणसाचं पोट त्या गाडीवर असतं. मित्रांना हे लिहायला संकोच वाटतो खरा, पण लिहा.

अमेरिकेच्या चार घरांना आजच फोन करा. तिथे जन्मलेल्या मुलांचं ओसीआय कार्ड (परदेशी नागरिकत्व असलेल्या भारतीय वंशाच्या लोकांना मिळणारं) नसेल तर व्हिसा लागणार, आणि हे आईवडिलांच्या शेवटी लक्षात येतं. ३० दिवसांच्या ई-टुरिस्ट व्हिसाचा अर्ज येण्याच्या आधीच्या ३० दिवसांतच भरता येतो, एक वर्षाचा त्याहून बराच आधी भरता येतो. घाबरट माणसाला एक वर्षाचा सुचवा. मुंबई–मोपा हे तिकीट आंतरराष्ट्रीय तिकिटाला जोडूनच घ्यायला सांगा. वेगळं घेतलं तर देशांतर्गत विमानात साधारण १५ किलोच सामान चालतं आणि तेवीस-तेवीस किलोच्या बॅगांचे पैसे भरावे लागतात. मुंबईत मध्यरात्री उतरून पहाटेची रेल्वे पकडायचा बेत कुणी करत असेल तर थांबवा. दोन रात्री पुण्या-मुंबईत काढून मग खाली उतरलेला माणूस हळदीला जागा असतो.

तारीख अजून हलवण्यासारखी असेल तर एक गोष्ट आधी तपासा. मालवण तालुक्यातल्या आंगणेवाडीच्या भराडीदेवीची जत्रा बहुतेक वेळा फेब्रुवारीतच असते. तिची तिथी ठरलेली नसते. देवीचा कौल घेऊन तारीख ठरते आणि काही आठवडे आधी जाहीर होते. लाखो माणसं येतात, जादा गाड्या सुटतात आणि तरी जागा मिळत नाही. मालवण परिसरातल्या खोल्या, टेम्पो ट्रॅव्हलर, चालक, सगळंच त्या दोन दिवसांत गुंतलेलं असतं. तारीख पक्की झाली असेल आणि जत्रा त्याच सुमारास आली तर तुमच्या गाड्या आणि खोल्या आगाऊ रक्कम देऊन, लेखी, ताबडतोब बांधून घ्या. एखादा दिवस अंतर असेल तर गाड्यांचे मार्ग आणि वेळा बदलूनही निभावतं. त्याच दिवशी असेल तर मी तारीख हलवायलाच सांगेन.

मुक्कामाचा प्रवासाशी थेट संबंध आहे, म्हणून तेवढंच. तारकर्लीत दीडशे माणसं एका छताखाली मावणं कठीण, तुमची मंडळी पाच-सहा न्याहारी-निवासांत विखुरली जाणार. देवबागकडे जाल तसा एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला कर्लीची खाडी आणि मधे एकच अरुंद रस्ता. पन्नास सीटची बस तिथे वळवताना समोरून आलेली प्रत्येक मोटार अडते. मोठी बस मालवणात थांबवा, पुढे टेम्पो ट्रॅव्हलर. वयस्कर माणसं हॉलच्या सगळ्यात जवळच्या जागी, मित्रमंडळी लांब. खोल्यांची वाटणी नात्यानं करण्यापेक्षा गुडघ्यांच्या हिशेबानं करा.

शेवटच्या टप्प्याच्या गाड्या अशा लावते. शुक्रवारी कुडाळहून तीन वेळा: सकाळच्या गाड्यांनंतर, दुपारी आणि संध्याकाळी. मोपाहून दोन वेळा. शनिवारी सकाळी कुडाळहून एक. रात्री नऊनंतर पोचणाऱ्यांसाठी ठरलेला रिक्षावाला किंवा टॅक्सी, त्याचा नंबर आधीच दिलेला. सतरा सीटच्या ट्रॅव्हलरमध्ये सतरा माणसं बसतात, पण लग्नाच्या सामानासकट बारा. मी बाराच धरते. कोकण रेल्वे बहुतांश एकेरी मार्गाची आहे, समोरची गाडी जाऊ देण्यासाठी तासभर थांबणं नवीन नाही. त्यामुळे ‘साडेसातला गाडी निघेल’ असं कधी सांगत नाही, ‘कोकणकन्या आल्यावर अर्ध्या तासात निघेल’ असं सांगते.

यासाठी एक वही किंवा शीट लागते. रकाने एवढेच: नाव, फोन, किती माणसं, कुठल्या गाडीनं किंवा विमानानं, डबा क्रमांक, कुठे उतरणार, परत कधी, आणि ‘चालायला त्रास आहे का’. शेवटचा रकाना वगळू नका. हे सगळं एकाच माणसाकडे असावं, आणि तो माणूस तुम्ही किंवा तुमचे आईवडील नसावेत. न चिडणारा एखादा मावसभाऊ किंवा चुलतबहीण प्रत्येक घरात असते. त्यांचाच नंबर सगळीकडे द्या. पाहुण्यांना पाठवायचा संदेश साधारण असा:

‘नमस्कार. तारकर्लीला येताना तुम्ही कुडाळ स्टेशन किंवा मोपा विमानतळ इथपर्यंत या, पुढे आमची गाडी आहे. पुण्याहून शुक्रवारी सकाळी सहाला बस आहे, सगळ्यांसाठी, जागा सांगून ठेवा. २० फेब्रुवारीच्या रेल्वेचं आरक्षण २२ डिसेंबरला सकाळी आठला उघडतं, आदल्या दिवशी निघणाऱ्यांचं २१ ला, परतीचं त्या तारखेच्या साठ दिवस आधी. तिकीट झालं की गाडी आणि डबा एवढंच कळवा. काहीही अडलं तर फक्त या नंबरवर फोन करा.’

याहून मोठा संदेश कुणी वाचत नाही. लग्नाच्या आठवड्यात दुसरा पाठवा, त्यात चालकाचं नाव, गाडीचा नंबर आणि स्टेशनबाहेर ती कुठे उभी असेल ते. नवरा-नवरीच्या नावाची पाटी चालकाच्या हातात द्या, मराठीत, मोठ्या अक्षरांत. सकाळी झोपेतून उतरलेल्या आजोबांना गाडीचा नंबर वाचता येत नाही, नातीचं नाव वाचता येतं.

थोडक्यात क्रम असा: जत्रेची चौकशी आणि अमेरिकेचे फोन आत्ता, बस आणि ट्रॅव्हलर बांधणं नोव्हेंबरात, आरक्षणाची आठवण साठ दिवस आधी, शीट भरून घेणं जानेवारीत, घाटाची चौकशी शेवटच्या आठवड्यात. किती खर्च करायचा आणि किती माणसं मोफत न्यायची हे मात्र तुमच्या घरच्या परिस्थितीवर आहे, त्यात मी बोलणार नाही. पैसे मोजकेच असतील तर क्रमानं आधी कुडाळच्या गाड्या, मग पुण्याची बस, आणि मोपाच्या टॅक्सीचे पैसे मित्रांनी आपसात वाटून घ्यावेत.

आता आजी. बसनं नको, घाट आणि दिवसभर बसणं दोन्ही तिला जड जाईल. पुण्याहून पनवेलपर्यंत मोटारीनं आणा आणि तिथून रात्रीची रेल्वे, वातानुकूलित डबा, खालचा बर्थ. ज्येष्ठांच्या खालच्या बर्थचा कोटा पुरुषांना ६० आणि महिलांना ४५ वर्षांपासून मिळतो, पण तिकिटावर एक किंवा दोनच माणसं असतील तर. म्हणून आजीला घरातल्या सहा जणांच्या तिकिटात घालू नका. आजी आणि तुमची आई असं दोघींचं वेगळं तिकीट काढा, बाकीचे त्याच डब्यात वेगळ्या तिकिटावर. कुडाळला गाडी मोजकी दोन-तीन मिनिटं थांबते, तेव्हा कणकवली गेलं की सामान दाराशी आणून ठेवायचं आणि आधी एकानं उतरून आजीला हात द्यायचा. गुरुवारी रात्री निघा, म्हणजे शुक्रवारचा दिवस तिला आडवं व्हायला मिळेल. तिच्या औषधांची पिशवी सामानात न टाकता अंगावरच्या पर्समध्ये ठेवा, डॉक्टरांच्या चिठ्ठीसकट. आणि तिच्याबरोबर जी दोन माणसं जातील त्यांना गुरुवार-शुक्रवार लग्नाचं दुसरं कुठलंही काम देऊ नका.